अनुभव धागा : ‘बाबा’ म्हणजे नेमके कोण?

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि तिचा जन्म बर्लिनचा आहे. गेल्या महिन्यात धाकट्या भावाची बाबागाडी जिन्यावरून खाली उतरवताना तिने मला विचारले की या गाडीत बाबा कधीच बसत नाहीत, तर मग हिला बाबागाडी का म्हणायचे. आयुष्यभर मराठी बोलत आले असूनही या प्रश्नापाशी मी गाडी हातात धरून जिन्यातच थांबले. आमच्या घरात ‘बाबा’ म्हणजे तिचे वडील. गाडीतला ‘बाबा’ म्हणजे तान्हे मूल. आणि साताऱ्याहून माझे वडील फोनवर “अगं बाबा, तसं नाही ते” असे म्हणतात तेव्हा त्या वाक्यातला ‘बाबा’ म्हणजे चक्क मी, त्यांची मुलगी.

त्याच आठवड्यात इमारतीच्या अंगणात, मुलांच्या वाळूच्या खड्ड्यापाशी, आमचे सीरियन शेजारी आपल्या चार वर्षांच्या मुलाला “यल्ला, बाबा!” अशी हाक मारत होते. माझ्या मुलीने ती ऐकली आणि मला हळूच सांगितले की काकांचे चुकले, बाबा ते स्वतः आहेत, तो नाही. मला तिची चूक दाखवता येईना, कारण साताऱ्याचा फोन कानात होताच.

म्हणून हा धागा. आपल्यापैकी कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा संसारासाठी दूरच्या मुलखात राहिले आहेत. तिथे हाच शब्द कोणत्या अर्थाने कानावर पडला आणि त्याने काय घोटाळा किंवा सोय केली, ते सविस्तर लिहावे. ऐकीव विनोद शक्यतो टाळावेत. स्वतःच्या कानांनी ऐकलेला ‘बाबा’ हवा.

*

कझान, आता नाशिक

वैद्यकीय शिक्षणासाठी मी सहा वर्षे रशियात होतो. वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या बाईंना तिथे वाख्त्योर्शा म्हणतात. किल्ल्या, पाहुण्यांची वही आणि उशिरा परतलेल्या मुलाला आत घ्यायचे की नाही याचा निर्णय, हे सगळे त्यांच्या हाती असल्यामुळे त्यांच्याशी सलोखा ठेवावाच लागतो. माझ्या खोलीत फोन नीट लागत नसे, म्हणून मी रोज रात्री त्यांच्या टेबलाजवळच्या खिडकीत उभा राहून घरी बोलत असे. वडिलांना थोडे कमी ऐकू येत असल्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्यात एक खणखणीत ‘बाबा’ असायचा : “बाबा, ऐकू येतंय का? बाबा, पैसे मिळाले. नाही बाबा, जेवलोय मी.”

दोन महिने हे ऐकल्यावर त्या बाईंनी मला बाजूला बोलावले आणि काळजीच्या सुरात विचारले की तुला रोज रात्री छळणारी ही बाई आहे तरी कोण, आणि तू तिला तोंडावर ‘बाबा’ म्हणतोस तरी ती फोन आपटत कशी नाही. रशियन भाषेत ‘बाबा’ म्हणजे बाई, पण या शब्दात खेडवळ, तोंडाळ, कजाग अशा सगळ्या छटा मिसळलेल्या असतात. आजीला मायेने बाबुश्का म्हणतात, मात्र परक्या बाईला ‘बाबा’ म्हणणे म्हणजे भांडण ओढवून घेणे, आणि पुरुषाला ‘बाबा’ म्हटले तर तो भेकड आहे असा अर्थ होतो. माझे वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि भरघोस मिशा राखणारे गृहस्थ. त्यांचा फोटो दाखवल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. पुढे मी वसतिगृह सोडेपर्यंत त्या रोज “मिशीवाली बाबा कशी आहे?” असे विचारत, स्त्रीलिंगातच.

हिवाळ्यात मुले अंगणात बर्फाचा जो गोलमटोल पुतळा उभा करतात, त्यालाही तिथे ‘बर्फाची बाबा’ म्हणतात. त्याचा फोटो मी घरी पाठवला होता. बाबांना तो फारसा आवडला नाही.

*

सोफिया

वरच्या अनुभवाला जोडून थोडेसे. बल्गेरियात ‘बाबा’ म्हणजे सरळसरळ आजी, तीही कोणत्याही कडवट छटेशिवाय. दर वर्षी १ मार्चला तिथे लोक एकमेकांच्या मनगटावर लाल आणि पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा बांधतात आणि “चेस्तिता बाबा मार्ता” असे म्हणतात. बाबा मार्ता म्हणजे मार्च महिन्याची आजी. ती लहरी असते, हसली की ऊन पडते आणि रुसली की पुन्हा हिमवर्षाव होतो. करकोचा किंवा फुलावर आलेले झाड दिसेपर्यंत तो धागा हातात ठेवायचा आणि मग झाडाला बांधायचा. बल्गेरिया आणि आसपासच्या तीन देशांतल्या या प्रथेची युनेस्कोच्या वारसा यादीत २०१७ साली नोंद झाली आहे.

पहिल्या वर्षी कार्यालयातल्या सहकारी बाईंनी मला तो धागा बांधला तेव्हा मी सवयीने राखीची ओवाळणी शोधू लागलो. “ही बाबाची आठवण आहे, हातातून काढू नका,” असे त्यांनी बजावले. मी धुळ्याचा असल्यामुळे माझ्या मनात मात्र धोतर नेसलेले, काठी टेकत चालणारे एक आजोबाच उभे राहिले.

*

तुझला गोदी, इस्तंबूल

मी व्यापारी जहाजावर अभियंता आहे. इस्तंबूलजवळ तुझला येथे जहाज दुरुस्तीसाठी लागले असता धक्क्यावरचा एक कामगार दोर हातात घेऊन मोठ्याने ‘बाबा’ असे काही ओरडला आणि मी उगाचच वळून पाहिले. जहाजाचे दोर ज्याला अडकवतात तो धक्क्यावरचा लोखंडी खुंट, ज्याला आम्ही बोलार्ड म्हणतो, त्याला तुर्की लोक ‘बाबा’ म्हणतात, म्हणजे अर्थातच बाप. वादळात जहाजाला धरून ठेवणारी जी एकच वस्तू असते तिला बाप म्हणणे मला तरी योग्य वाटले. परंतु त्या कामगाराने हसत हसत दुसरी बाजूही सांगितली. जो बाप घरात नुसता जागच्या जागी उभा असतो आणि काही करत नाही, त्याला टोमणा म्हणून ‘धक्क्यावरचा बाबा’ म्हणतात.

तुर्की भाषेत वडील, पंथातला वडीलधारा गुरू, टोळीचा म्होरक्या आणि कौतुक करण्याजोगा मित्र या सर्वांना ‘बाबा’ म्हणता येते. डिसेंबरमध्ये दुकानांच्या काचांवर ‘नोएल बाबा’ असे लिहिलेले दिसले तेव्हा मी ते एकदम मराठीतच वाचले, कारण अलिबागच्या आमच्या शाळेत आम्ही नाताळबाबाच म्हणत होतो. शब्दाला शब्द असा इतका बरोबर जुळलेला मी क्वचितच पाहिला आहे.

*

तोक्यो

माझा अनुभव छोटा आहे आणि त्यात चूक सर्वस्वी माझीच. यामानोते मार्गावर ताकादानोबाबा नावाचे स्थानक आहे. त्यातल्या ‘बाबा’चा अर्थ घोडेस्वारीचे मैदान, तिथे १६३६ साली असे मैदान बांधले गेले. आसपासचे विद्यार्थी त्या भागाला नुसते ‘बाबा’ म्हणतात. एवढीच माहिती असल्यामुळे हा शब्द निरुपद्रवी आहे असा माझा समज होता. एके दिवशी लिफ्टमध्ये माझा दोन वर्षांचा मुलगा सगळी बटणे दाबत होता आणि मी त्याला “नको रे बाबा, बाबा, नको ना” असे विनवत होतो. आमच्यासोबत एक वयस्क बाई होत्या. म्हाताऱ्या बाईचा अपमान करण्यासाठी जपानीत जो शब्द आहे, तो ‘बाबा’च, फक्त शेवटचा स्वर लांबवलेला. विनवणीच्या सुरात मी तो पुरेपूर लांबवला होता. त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या. पत्त्यांच्या एका डावातही शेवटी ज्याच्या हाती ‘बाबा’चे पान उरते तो हरतो, हे मला नंतर मुलाच्या पाळणाघरात समजले.

*

पुणे, सदाशिव पेठ

परदेशी जाण्याचा योग मला आला नाही. परदेशच माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला. पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ असत आणि त्यांपैकी एक, वास्तुशास्त्र शिकणारा, तीन वर्षे आमच्याकडे होता. अतिशय सभ्य मुलगा, परंतु एका गोष्टीने मी पहिले काही महिने त्याच्यावर नाराज होते. “रात्री नळ बंद केलास ना?” असे विचारले की तो “आरे बाबा!” म्हणायचा. “पाणी पुरतंय ना?” असे विचारले तरी “आरे बाबा!” घरमालकिणीशी असे त्रासून बोलायचे, म्हणजे काय? शेवटी मी त्याला बसवून समजावले की मोठ्या माणसांना ‘अरे’ म्हणू नये. तो गोंधळला. फारसीत ‘आरे’ म्हणजे ‘हो’ आणि ‘आरे बाबा’ म्हणजे ‘हो तर, अगदी नक्की’. इतके दिवस तो बिचारा मला खात्री देत होता.

मग आमची यादीच सुरू झाली. कोणी थाप मारली की तो “न बाबा!” म्हणायचा, ते तर आपल्या “नाही बाबा!”च्या अगदी जवळचे. कंटाळला की “एय बाबा”. फोनवर त्याचे वडील त्याला “बाबा जान” म्हणत आणि तोही वडिलांना “बाबा जान” म्हणत असल्यामुळे एका बाजूचे बोलणे ऐकून पलीकडे कोण आहे हे मला कधीच सांगता आले नाही. धागा सुरू करणाऱ्या ताईंनी आपल्या सीरियन शेजाऱ्यांना एकदा विचारून पाहावे असे मला वाटते. उत्तर मिळण्याची शक्यता आहे.

*

बर्लिन

विचारते. इतके दिवस संकोच वाटत होता, कारण ‘तुम्ही मुलाला बाप का म्हणता?’ हा प्रश्न सौजन्याने कसा विचारायचा ते सुचत नव्हते.

*

दार-ए-सलाम

टांझानियात आमची तिसरी पिढी. स्वाहिली भाषेत ‘बाबा’ म्हणजे वडील, आणि आम्ही घरी मराठीतही बाबाच म्हणत असल्यामुळे लहानपणी आम्हाला या शब्दाची भाषा बदलल्याचे कधी कळलेच नाही. फरक कळला तो नात्यांची मोजणी सुरू झाल्यावर. माझी शाळेतली मैत्रीण एकदा म्हणाली की सुट्टीत ती बाबांकडे जाणार आहे. मी विचारले, अगं, बाबा तर तुझ्यासोबतच राहतात. ती म्हणाली, हे नव्हेत, मोठे बाबा. वडिलांचे थोरले भाऊ ते ‘बाबा म्कुब्वा’, म्हणजे मोठे बाबा, आणि धाकटे भाऊ ते ‘बाबा म्दोगो’, म्हणजे लहान बाबा. वडिलांच्या भावांसाठी काका असा वेगळा शब्द तिच्या घरी नव्हता. ‘काका’ होता, पण तो थोरल्या भावासाठी, आणि ‘दादा’ म्हणजे थोरली बहीण. मराठी घरातून तिच्या घरी गेले की सगळी माणसे एकेक खुर्ची सरकून बसल्यासारखी वाटत.

पुढे माझे लग्न झाले, मुलगी झाली, आणि त्या दिवसापासून गल्लीत कोणी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. तिथे मूल झाल्यावर बापाची ओळख मुलाच्या नावाने होते. मुलगी ईशा, म्हणून तो ‘बाबा ईशा’ आणि मी ‘मामा ईशा’. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा भाजीवाल्याने दारात “बाबा ईशा आहेत का?” असे विचारले. सासूबाईंनी त्याला आत बोलावून, बसवून, पाणी दिले, कारण ईशाबाबा नावाच्या कोणा साधूचा निरोप घेऊन हा आला आहे असे त्यांना वाटले. तो माणूस फुलकोबीचे पैसे मागायला आला होता.

आजोबांना स्वाहिलीत ‘बाबू’ म्हणतात. त्यामुळे हिंदी चित्रपटात कचेरीतल्या तरण्या कारकुनाला ‘बाबूजी’ म्हटलेले ऐकून माझ्या मुलीला फार गंमत वाटते. आणि टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना सारा देश ‘बाबा वा ताइफा’ म्हणतो, म्हणजे राष्ट्राचा बाबा. दर वर्षी १४ ऑक्टोबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, रेडिओवर दिवसभर हे शब्द ऐकू येतात. मला आठवते की माझे आजोबा हे ऐकताना नेहमी म्हणायचे, आपल्याकडे बाबासाहेब आणि बापू, इथे बाबा. मोठ्या माणसाला बाप केल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. त्यांच्या बोलण्यात कौतुक किती आणि कुरबुर किती, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

*

मुंबई, लालबाग

इतरांनी दूरदेशीचे अनुभव लिहिले आहेत. माझा प्रवास लालबाग ते मलबार हिल एवढाच आहे.

माझे वडील गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ते घरी बसले आणि आईने मलबार हिलच्या एका घरात कामाला जाणे सुरू केले. मे महिन्याच्या सुट्टीत ती कधीकधी मला सोबत नेत असे. त्या घरात माझ्याच वयाचा, नऊ वर्षांचा एक मुलगा होता आणि आई त्याला ‘बाबा’ म्हणत असे. धाकटी मुलगी ‘बेबी’. मुलगा चांगला होता, मला त्याच्याविषयी काहीच तक्रार नाही. पहिल्याच दिवशी त्याचा चेंडू माझ्या पायाशी आला आणि आई मला म्हणाली, “बाबांना चेंडू दे.” मी चेंडू हातात धरून तशीच उभी राहिले, कारण माझे बाबा तर घरी होते, लालबागला, खाटेवर बसलेले, आणि त्यांना चेंडू कशाला हवा असेल ते मला कळेना. आईने पुन्हा सांगितले. माझ्या वडिलांविषयी ती जे आदरार्थी बहुवचन वापरत असे, तेच तिने त्या मुलासाठी वापरले होते.

घरी परतताना बसमध्ये मी तिला विचारले. ती म्हणाली, तिथे तसे म्हणतात. बाबासूट, बाबागाडी हे शब्द माझ्या कानाला आजही त्या घरातले वाटतात. धागाकर्तीच्या मुलीचा प्रश्न वाचून मला हे लिहावेसे वाटले. एरवी मी हे कोणाला सांगितले नव्हते.

*

कुवेत, आता गुहागर

वरचा अनुभव वाचल्यावर मलाही लिहिणे भाग आहे.

मी कुवेतमध्ये एका कुटुंबाकडे अकरा वर्षे ड्रायव्हर होतो. आखाती घरांत काम करणारी आमच्यासारखी माणसे मालकाला ‘बाबा’ आणि मालकिणीला ‘मामा’ म्हणतात. कोणी शिकवत नाही, आधीचा नोकर म्हणतो म्हणून नवाही म्हणतो. मी गेलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि माझे ‘बाबा’ एकोणतीस वर्षांचे होते. त्यांचे वडील वरच्या मजल्यावर आजारी असत. त्यांना आम्ही ‘बाबा कबीर’, म्हणजे मोठे बाबा म्हणत असू.

एके दिवशी पहाटे गावाहून फोन आला की माझे वडील गेले. मी तसाच मालकांच्या बैठकीच्या खोलीकडे गेलो. तिला तिथे दिवाणिया म्हणतात. मला नीट अरबी येत नव्हते. आम्हा नोकरमाणसांची जी मोडकी अरबी असते, तिच्यात मी म्हणालो, “बाबा, बाबा मौत.” मालकांच्या हातातला चहाचा पेला खाली पडला आणि ते एक शब्दही न बोलता जिन्याकडे धावले. ते वर पोहोचेपर्यंत काय झाले ते माझ्या लक्षातही आले नाही. मोठे बाबा झोपलेले होते, सुखरूप होते. मालक खाली आले, तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि चेहरा रागावलेला होता. त्यांनी विचारले, “कोणाचा बाबा?” मी म्हणालो, “माल अना.” माझा.

ते माझ्याजवळ जमिनीवरच बसले. संध्याकाळच्या विमानाचे तिकीट त्यांनीच काढले. निघण्यापूर्वी मोठ्या बाबांनी मला वर बोलावून घेतले, माझा हात हातात घेतला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे सांत्वनाचे “अझ्झम अल्लाह अज्रक” असे म्हटले.

मी महिन्याने परत गेलो आणि मालकांना पूर्वीप्रमाणेच ‘बाबा’ म्हणत राहिलो. त्या घरात माझ्याकडे त्यांच्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

*

कोल्हापूर

मी निवृत्त मराठी शिक्षक आहे, त्यामुळे थोडे भाषेच्या अंगाने लिहितो. कंटाळवाणे वाटले तर पुढे जावे.

जगातल्या इतक्या भाषांत ‘बाबा’ सापडतो, म्हणून या सगळ्यांचे मूळ एकच असले पाहिजे, असा मोह होतो, तो आवरावा. काही धागे खरोखरच जोडलेले आहेत. फारसी, तुर्की आणि उर्दूतला ‘बाबा’ सूफी फकिरांच्या मागून आपल्याकडे पक्का रुजला. पंजाबातले बाबा फरीद, नागपूरचे ताजुद्दीन बाबा, शिर्डीचे साईबाबा ही सगळी त्याच वाटेवरची नावे आहेत. आपल्याकडचा ‘बाप’ मात्र प्राकृतातल्या ‘बप्प’ या शब्दापासून आलेला आहे, आणि विठोबा, खंडोबा, जोतिबा यांच्या शेवटी असलेला ‘बा’ आपल्या तोंडात शतकानुशतके आहे. स्वाहिली किंवा चिनी ‘बाबा’शी यातल्या कशाचाही संबंध जोडण्याची गरज नाही. तान्ह्या मुलाला ओठ मिटून उघडले की जे ध्वनी आपोआप जमतात ते म, प आणि ब यांचे असतात. मूल स्वतःशीच बडबडत असते आणि जवळ उभे असलेले मोठे माणूस समजते की मलाच हाक मारली. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मरडॉक यांनी जगभरातून जमवलेल्या आईवडिलांसाठीच्या १०७२ शब्दांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी हे नीट मांडले आहे. ‘म’ बहुधा आईकडे जातो, ‘प’ किंवा ‘ब’ बापाकडे. बहुधा म्हणण्याचे कारण असे की जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. रशियन आणि बल्गेरियन मुलाचा ‘बाबा’ आजीला मिळाला; कदाचित घरात त्या वेळी तीच जवळ उभी असावी, असे म्हणून मी वर्गात वेळ मारून नेत असे.

एक गोष्ट जाता जाता. बाबा आमटे यांना साधुत्वामुळे ‘बाबा’ म्हणत असत असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात लहानपणी त्यांचे आईवडील त्यांना घरात ‘बाबा’ म्हणत, आणि तेच नाव पुढे राहिले. म्हणजे तो बाबागाडीतला ‘बाबा’ होता. कुष्ठरोग्यांच्या सेवेत आयुष्य घालवल्यावर लोकांनी त्याच हाकेचा दुसरा अर्थ ऐकायला सुरुवात केली, शब्द मात्र बदलावा लागला नाही.

*

कुनमिंग, चीन

शिक्षकांनी चिनी भाषेचा उल्लेख केला म्हणून सावधगिरीची सूचना. चिनी भाषेत ‘बाबा’ म्हणजे वडील हे खरे आहे, पण पहिले अक्षर वरून खाली झटक्याने आणले तरच. ते अक्षर एका उंच पट्टीत सपाट ठेवले तर ती जाडसर रोटी होते. लीच्यांगची ‘बाबा’ या भागात प्रसिद्ध आहे आणि खमंग लागते. आणि तेच अक्षर खोल खाली नेले तर लहान मुलांच्या भाषेत शी. माझे वडील भेटीला आले तेव्हा सहकाऱ्यांशी त्यांची ओळख करून देताना मी भारावून जाऊन आवाज नको तितका खाली नेला. चिनी माणसे फार सभ्य असतात. कोणी हसले नाही, परंतु टेबलावर रोटीची थाळी आली तेव्हा एकाने अतिशय काळजीपूर्वक, सावकाश, तिचा उच्चार करून दाखवला.

*

पॅरिस

इथे ‘बाबा’ खातात. र्‍यू माँतोर्गेय या रस्त्यावर १७३० सालापासून चाललेले स्तोरेर यांचे मिठाईचे दुकान आहे, आणि तिथला रमच्या पाकात बुडवलेला ‘बाबा’ नावाचा केक विख्यात आहे. हा शब्द पोलंडकडून आला, जिथे तो आजीचा किंवा म्हातारीचा. माझे वडील आयुष्यात मद्याला न शिवलेले नागपूरकर. ‘बाबा’ असे लिहिलेली पाटी पाहून मोठ्या हौसेने त्यांनी दोन खाल्ले, आणि पाक छान आहे म्हणाले. मी काही बोलले नाही. फ्रेंच लोक थक्क झालेल्या माणसाविषयी ‘तो बाबा राहिला’ असे म्हणतात. त्या दिवशी तो शब्द मला लागू होता. सत्तरीच्या दशकात भारतातून लांब केस आणि झोळी घेऊन परतलेल्या तरुणांना इथे ‘बाबा कूल’ हे नाव पडले. त्यातला ‘बाबा’ मात्र आपलाच, साधूचा.

*

कोलकाता

लग्नानंतर बंगाली घरात आले. सासूबाई माझ्या नवऱ्याला ‘बाबा’ म्हणतात, माझ्या मुलीला ‘मा’ म्हणतात, आणि दारावर मासे घेऊन येणाऱ्या मुलालाही “बाबा, काटे नीट काढ” असे सांगतात. नवरा स्वतःच्या वडिलांना बाबा म्हणतो. पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर “बाबा, भात घे” असे शब्द ऐकू आले की एकाच वेळी दोन ताटे पुढे सरकत. सासरे अनुभवी होते. ते आवाजातल्या मायेवरून ओळखत की हाक आपल्याला नाही.

*

बर्लिन

सर्वांचे मनापासून आभार. काल अखेर शेजाऱ्यांना विचारले.

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मी तो तीनदा, तीन प्रकारे विचारल्यावर ते म्हणाले, “मग त्याला काय म्हणायचं?” त्यांची आई त्यांना ‘मामा’ म्हणत असे आणि आजी ‘तेता’, म्हणजे आजीच. बोलणारा स्वतःचे नाते मुलाला बहाल करतो, यात विचारण्यासारखे काय आहे, हे त्यांना उमगेना. त्यांनी उलट मला विचारले की आमच्याकडे कसे करतात. मी साताऱ्याचा फोन सांगितला आणि बाबागाडीही सांगितली. त्यांनी गाडीकडे पाहिले, आत झोपलेल्या माझ्या मुलाकडे पाहिले, आणि हा शब्द त्यांना फार पटला.

माझी मुलगी हे सगळे ऐकत होती. तिला मात्र तो अजूनही पटलेला नाही. तिचे आताचे मत असे आहे की गाडी बाबा ढकलतात म्हणून ती बाबागाडी, आणि मी ढकलत असेन त्या दिवशी तिला आईगाडी म्हणायला हवे. आज सकाळपासून आमच्या घरी तसेच म्हणत आहेत.